कॅरिबियनला पहिल्यांदाच जातोय, बार्बेडोस. सोबत सासूबाई, शाकाहारी. जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज

ऐरोलीकरीण

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही तिघं, म्हणजे मी, हे आणि सासूबाई, दीड महिना मुलाकडे न्यू जर्सीला जातोय. तिकडून मधेच पाच-सहा दिवस चौघांनी मिळून कुठेतरी समुद्रावर जाऊ असं ठरतंय आणि ह्यांनी बार्बेडोसचा हट्टच धरलाय. का ते तुम्हाला कळलंच असेल, २९ जून २०२४, टी-ट्वेंटी वर्ल्डकपची फायनल तिथेच झाली. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमधे पडदा लावला होता, शेवटच्या ओव्हरच्या पहिल्याच बॉलला सूर्याने लाँग-ऑफच्या बाउंड्रीवर मिलरचा तो कॅच घेतला तेव्हा हे खुर्चीवर चढून उभे होते, आणि मॅच संपल्यावर खाली उतरून भिंतीकडे तोंड करून रडत होते. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली, ह्यांना रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलंय, सासरे गेले तेव्हा. आता मार्चमधे रिटायर होतायत, म्हणाले मला काही नको, एकदा ते ग्राउंड बघायचंय. त्यामुळे कुठे जायचं हा प्रश्न नाहीये, कसं जायचं हा आहे.

सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत, तब्येत चांगली आहे पण गुडघे दुखतात, जिने होत नाहीत. शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. ठाण्यातला एक ट्रॅव्हल एजंट म्हणतो ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टच घ्या, खाणं-पिणं सगळं आत मिळेल, बाहेर पडायची गरजच नाही. पण त्याने सांगितलेला आकडा ऐकून मला झोप नाही लागली, आणि सासूबाई तिथे तीन वेळचे पैसे भरून फळं आणि ब्रेडच खाणार असतील तर काय उपयोग. शिवाय इतक्या लांब जाऊन कुंपणाच्या आतच बसायचं का हेही मनात येतंय. व्हिसा लागतो का, मे महिना कसा असतो, पैसे कुठले न्यायचे, बायकांनी फिरायला सेफ आहे का, जे जे माहीत असेल ते सांगा. आमच्यापैकी कोणीच दुबईच्या पुढे गेलेलं नाही.

नेरुळ_चीफ

ताई, मी मर्चंट नेव्हीत होतो, ब्रिजटाऊन म्हणजे तिथली राजधानी, त्या बंदरात कितीतरी वेळा गेलोय आणि मग २०२३ ला बायकोला घेऊन आठ दिवस राहूनही आलो, त्यामुळे थोडं मोठं लिहितोय.

आधी व्हिसा. आपल्या भारतीय पासपोर्टवर बार्बेडोसला व्हिसा लागत नाही, नव्वद दिवसांपर्यंत. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग हातात ठेवा, इमिग्रेशनचा फॉर्म निघायच्या आधी ऑनलाइन भरून ठेवा. न्यूयॉर्कच्या जेएफकेवरून थेट विमान आहे, पाच तासांच्या आसपास. तुमचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा असणारच, म्हणजे परत आत यायला अडचण नाही, फक्त एवढं लक्षात घ्या की कॅरिबियनला चार दिवस जाऊन आलं म्हणून अमेरिकेत नव्याने सहा महिने मिळतील असं धरू नका, पहिल्या एंट्रीला जी तारीख मिळाली तीच खरी समजून चाला. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स नीट वाचा, बऱ्याच पॉलिसी फक्त अमेरिका-कॅनडा कव्हर करतात, आजी सोबत आहेत तर बार्बेडोस त्यात आहे की नाही हे लेखी घ्या.

आता बेट. हे बेट म्हणजे लांबी चौतीस किलोमीटर आणि रुंदी तेवीस, ठाण्यापासून पनवेलपर्यंत जेवढं होईल तेवढंच समजा. पण चारी बाजूंचा समुद्र वेगवेगळा आहे आणि इथेच नवीन माणूस चुकतो. पश्चिम किनारा शांत, तळ्यासारखा, आणि महाग, बडी हॉटेलं सगळी तिकडे. दक्षिण किनाऱ्याला थोड्या लाटा, पण राहायला स्वस्त, दुकानं आहेत, बस आहे. पूर्वेला थेट अटलांटिक, तिथे बाथशेबा म्हणून जागा आहे, किनाऱ्यावर कोरलचे अळंबीसारखे प्रचंड खडक उभे आहेत, बघाच, पण पाण्यात उतरू नका. हरिहरेश्वरला दरवर्षी माणसं जातात ना ओढून, तसाच करंट आहे. तिथली माणसंसुद्धा ओहोटीला खडकांच्या मधे जे डबकं साचतं त्यात बसतात, पुढे जात नाहीत.

मे महिन्यात पाऊस फार नसतो, वादळांचा सीझन १ जूनला सुरू होतो. पण सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ २०११ पासून तिकडे येऊ लागलंय, साधारण मार्च-एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत, ढिगाने किनाऱ्याला लागतं आणि कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास मारतो. ते जास्त करून पूर्व आणि दक्षिण-पूर्वेला लागतं, पश्चिमेला जवळजवळ नाही. म्हणून हॉटेल बुक करताना बीच कुठल्या दिशेला आहे ते नकाशात स्वतः बघा, फोटोवर जाऊ नका, फोटो जानेवारीतला असतो.

आजींसाठी माझं ऐका, ब्रिजटाऊनला लागूनच कार्लाइल बे आहे. वाळू पांढरी, पाणी उथळ आणि स्थिर, गुडघ्यापर्यंत पाण्यात खुर्ची टाकून बसता येतं. तिथेच कासवं येतात. माझ्या बायकोला पोहता येत नाही, लाइफ जॅकेट घालून बोटीच्या शिडीवरून उतरली आणि दोन मिनिटांत खालून हिरवं कासव आलं, केवढं, आपल्या घरच्या पाटापेक्षा मोठं, पाठीवर शेवाळ, डोळा असा जुन्या माणसासारखा, तिच्या पायाखालून सावकाश निघून गेलं. ती पाण्यातच रडली. आम्ही वेळासला कासव महोत्सवाला गेलोय, तिथे ती एवढी एवढीशी पिल्लं वाळूतून पाण्याकडे धावताना पाहिली होती, म्हणून तिला जास्त वाटलं असेल. हात मात्र लावायचा नाही, बोटवाले खायला घालत असतील तर अशा बोटीने जाऊच नका.

पाचपाखाडी_मावशी

अगं आधी एक विचारते, मुलगा एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे का? असेल तर त्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प चालू आहे का ते आजच्या आज विचार. कागद नाही, स्टॅम्प.

माझ्या लेक-जावयाने अरुबाचं सगळं बुक केलं होतं. जावयाचा स्टॅम्प संपलेला, पण एक्स्टेंशन मंजूर झाल्याचा कागद हातात होता, त्याला वाटलं अमेरिकेच्या बाजूलाच तर आहे, तीस दिवसांच्या आत आलं की चालतं. ते चालतं कॅनडा आणि मेक्सिकोला. कॅरिबियन बेटांसाठी ती सवलत एफ आणि जे व्हिसावाल्या विद्यार्थ्यांना आहे, एच-वन ला नाही. निघायच्या दहा दिवस आधी ऑफिसच्या वकिलाने सांगितलं म्हणून वाचले, नाहीतर परत येताना विमानातच बसू दिलं नसतं, इथे येऊन स्टॅम्पिंग करून जावं लागलं असतं आणि त्याच्या तारखा तुम्हाला माहीतच आहेत. हॉटेलचे पैसे मात्र गेले ते गेलेच. माझी लेक आठ दिवस धड जेवली नाही. म्हणून कोणी कॅरिबियन म्हटलं की मी आधी हेच विचारते.

स्टॅम्प नसेल तर पोर्टो रिको आहे, तो अमेरिकेचाच भाग, डोमेस्टिक विमान, समुद्र तोच.

घोडबंदर_ट्रॅव्हलर

मी वेगळं मत मांडतो. पहिल्यांदा जाताय, आजी सोबत आहेत, तर ऑल-इन्क्लुझिव्हच घ्या. आम्ही पुंता कानाला गेलो होतो, डॉमिनिकन रिपब्लिक, अमेरिकेचा व्हिसा असेल तर भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही. हातात पट्टा बांधला की संपलं, पाकीट खोलीत. माझ्या आईला व्हीलचेअर मिळाली, खोलीपासून समुद्रापर्यंत सपाट रस्ता, शेफला सांगितलं की तो रोज भात, राजमा आणि भाज्या वेगळ्या करून द्यायचा. रोज कुठे जायचं, काय खायचं, टॅक्सी मिळेल का ही डोकेदुखी नाही. म्हातारी माणसं असली की हे फार महत्त्वाचं असतं, तरुणांना ते कळत नाही. बार्बेडोसलाही दक्षिणेला असे रिसॉर्ट आहेत. फक्त बुकिंगच्या आधी ईमेल करून विचारा, अंडं-मासे-मटण काहीच नाही असं स्पष्ट लिहा, नुसतं व्हेज लिहिलं तर मासे घालतात.

नेरुळ_चीफ

घोडबंदर दादा, तुमचं चूक नाही, पुंता कानाला बाहेर पडून करायचं तसं कमी आहे. बार्बेडोसची गोष्ट वेगळी आहे हो. तिथले सगळे बीच सार्वजनिक आहेत, कुठल्याही हॉटेलला समुद्र अडवता येत नाही, नळाचं पाणी पिता येतं कारण बहुतेक बेट कोरलच्या चुनखडीचं आहे आणि पाणी त्यातून गाळून येतं, लोक इंग्रजी बोलतात, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने. एवढं सोपं बेट असताना पट्टा बांधून आत बसायचं याला माझं मन घेत नाही.

ताई, दक्षिणेला रॉकलीच्या बाजूला समुद्राला लागून चालायचा बोर्डवॉक आहे, मैलभराचा, सपाट, मधे मधे बाकडी. संध्याकाळी आपल्या तलावपाळीला जशी सगळी येतात तशी तिथली म्हातारी माणसं चालायला येतात, ओळख नसली तरी गुड इव्हनिंग म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत. तुम्हीही म्हणा, दुकानात शिरतानासुद्धा आधी नमस्कार आणि मग काम, नाहीतर त्यांना ते उद्धट वाटतं. आजींना तिथे रोज घेऊन जा, सव्वासहाला सूर्य बुडतो. त्याच भागात किचन असलेला तळमजल्याचा अपार्टमेंट घ्या, जवळ मोठं सुपरमार्केट आहे.

उबर नाही. टॅक्सीला मीटर नाही, बसायच्या आधी भाडं ठरवा आणि डॉलर म्हणजे कुठला ते विचारा, कारण त्यांचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, १९७५ पासून हाच भाव आहे. अमेरिकन डॉलर सगळीकडे घेतात, सुट्टे मात्र त्यांचे देतात. छोट्या पांढऱ्या व्हॅन असतात, नंबर प्लेट झेडआरने सुरू होते म्हणून नावच झेडआर पडलंय, साडेतीन बार्बेडोस डॉलरला कुठेही, आत गाणी जोरात आणि माणसं खचाखच. तुम्ही दोघं बसून बघा एकदा, आजींना नको.

आणि दोन गोष्टी नीट वाचा. एक, मिलिटरीच्या छापाचे, कॅमोफ्लाज कपडे तिथे कायद्याने बंद आहेत, लहान मुलांनासुद्धा. टोपी, बॅग, बर्म्युडा काही नको. दुसरी, किनाऱ्यावर मॅंचिनील नावाचं झाड असतं, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, वास गोड. ते जहाल विषारी आहे. बिब्ब्याने जसं अंग उततं ना, त्याहून वाईट, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याने फोड येतात. बऱ्याच झाडांच्या बुंध्याला लाल पट्टा मारलेला असतो. सावली बघून टॉवेल टाकायच्या आधी मान वर करून बघायचं, बस.

डोंबिवली_फास्ट

मी डोंबिवलीचा आहे पण क्रिकेटचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. काकांना सांगा ते ग्राउंड, केन्सिंग्टन ओव्हल, म्हणजे फक्त २०२४ नाही. आपण १९९७ ला तिथेच १२० करायचे असताना ८१ वर ऑल आउट झालो होतो, सचिन कॅप्टन होता, मी दहावीत होतो आणि दुसऱ्या दिवशी शाळेत कोणी कोणाशी बोललं नव्हतं. त्याच शहरात सत्तावीस वर्षांनी दक्षिण आफ्रिकेला तीस बॉलमधे तीस हवे असताना आपण सात रनने जिंकलो. बाहेर गॅरी सोबर्सचा पुतळा आहे. वेस्ट इंडीजचे जुने बॅट्समन वॉरेल, वीक्स, वॉलकॉट तिघेही ह्या ओव्हलच्या आसपासच दीड वर्षाच्या आत जन्मले, त्यांच्या नावाचा स्टँड आहे. जवळच क्रिकेट लेजेंड्सचं म्युझियम पण आहे. मॅच नसताना आत जायचं तर आधी फोन करून विचारून घ्या.

आणि वादळाचं हलकं घेऊ नका, आपली टीम जिंकून तिथेच अडकली होती ना बेरिलमुळे, ४ जुलैला परत आली आणि त्याच संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. मी होतो तिथे. मे महिना बरा आहे.

पाचपाखाडी_मावशी

सासूबाईंच्या जेवणाचं सांगायचं राहिलं. आम्ही नंतर एका वर्षाने बार्बेडोसलाच गेलो होतो, लेकीच्या बेबीमूनला, म्हणजे बाळ व्हायच्या आधीच्या ट्रिपला, स्टॅम्प करून.

भाजणी, मेतकूट, भाजलेला रवा, गोडा मसाला, चार पाकिटं रेडीमेड पोहे, सगळं सीलबंद न्या आणि फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आहेत असं सरळ लिहा. ताजी फळं, भाज्या, तूप-दूध नको. बाकी तिथे मिळतं, आणि गंमत म्हणजे पुष्कळसं आपलंच आहे. पीज अँड राइस म्हणून भात करतात त्यातले पीज म्हणजे आपली तूर, हिरवे तुरीचे दाणे. कूकू म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेली उकड. पण भातात खारवलेलं मांस टाकतात कधी कधी आणि कूकूवर माशाचं कालवण ओततात, म्हणून विचारून घ्यायचं. ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस! मी बाजारात बघितला आणि जाऊन उचललाच, त्या बाईला खुणेने काप करून दाखवले, तिने मान डोलवली, त्याही तळतात. रात्री अपार्टमेंटवर तिखट-मीठ-रवा लावून काप केले, माझ्या जावयाच्या आईने, त्या रत्नागिरीच्या, पहिला काप तोंडात टाकला आणि म्हणाल्या, आमच्या मागच्या पडवीतलं झाड. मग बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

गुजराती मुस्लिम कुटुंबं आहेत तिथे पिढ्यान्‌पिढ्या, सुरतकडची, त्यामुळे डाळी-मसाले शोधले की सापडतात. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मासे भाजतात तिकडे बाकीच्यांनी जा, मेनूवर डॉल्फिन दिसलं तर घाबरू नका, ते माही-माही माशाला म्हणतात. प्लग अमेरिकेसारखे, म्हणजे न्यू जर्सीचे चालतील. ओडोमॉस न्या, डेंग्यूचे डास आहेत. आणि त्रिनिदादला जोडून जायचा मोह झालाच तर यलो फीव्हरची लस दहा दिवस आधी घ्यावी लागेल, नाहीतर तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात आलं तर अडवतात. नुसत्या बार्बेडोसला ती भानगड नाही.

ऐरोलीकरीण

मंडळी, काय लिहू. मावशी, तुमचं वाचलं आणि लगेच मुलाला फोन लावला, तिकडे रात्रीचे साडेबारा. स्टॅम्प नोव्हेंबरमधेच संपलाय. त्यालाही वाटत होतं की बेटांना चालतं. पासपोर्ट हातात घेऊन तो गप्पच बसला, मला श्वास ऐकू येत होता फक्त. बुकिंग अजून केलं नव्हतं हे नशीब. तुमचे उपकार कसे मानू.

दोन दिवस घरात हाच विषय. हे म्हणाले राहू दे, पोर्टो रिकोला जाऊ सगळे, पोराला सोडून मला काही बघायचं नाही. मुलगा म्हणतो बाबा तुम्ही जायचंच, मी एअरपोर्टला सोडायला आणि घ्यायला येतो. शेवटी सासूबाईंनी मिटवलं. म्हणाल्या, ह्याचे वडील पंढरपूरला जाऊ जाऊ म्हणत राहून गेले, आता जे राहिलंय ते ठेवायचं नाही. तर पाच रात्री बार्बेडोस आम्ही तिघं, आणि तिथून आलो की एक लाँग वीकेंड मुलासोबत, जर्सीच्याच किनाऱ्यावर. एजंटला नाही सांगितलं. चीफ काका, बोर्डवॉकजवळ तळमजल्याचा किचनवाला अपार्टमेंट मिळालाय, बीच दक्षिण-पश्चिमेला आहे, नकाशात मी स्वतः बघितलं. ह्यांची मिलिटरीच्या छापाची बर्म्युडा कपाटातून काढून भाच्याला दिली.

एकच विचारायचंय. रोहितने फायनलनंतर पिचवरची माती तोंडात टाकली होती ना, तेव्हापासून ह्यांच्या मनात आहे की ओव्हलवरची चिमूटभर माती डबीत घालून आणायची आणि घरी तुळशीत टाकायची. चालेल का?

नेरुळ_चीफ

नाही ताई, माती आणू नका. अमेरिकेचे कस्टम्स बाहेरच्या देशातली माती परवान्याशिवाय आत घेत नाहीत, बुटाला चिकटलेलीसुद्धा धुवायला लावतात, आणि तुमचा परतीचा रस्ता तिकडूनच आहे. डबी सापडली तर विनाकारण दंड आणि आजींना घेऊन तासभर उभं राहणं. काकांना सांगा ग्राउंड्समनशी बोला, तिथली माणसं क्रिकेटचं नाव काढलं की मोकळी होतात, मुंबईहून आलोय म्हणा. सोडतील कदाचित दोरीपर्यंत.

ऐरोलीकरीण

सांगितलं. म्हणाले मग तिथेच हात टेकवून येतो. लाँग-ऑफच्या बाजूला.